जुन्या गाडीचा रास्त भाव : एक्स्चेंजच्या व्यवहाराचा आढावा

जुनी गाडी शोरूमला देऊन नवी घेणे हा ग्राहकाच्या मनात एकच व्यवहार असतो. शोरूमच्या हिशोबात मात्र ते दोन असतात. एकात ग्राहक विकणारा असतो, दुसऱ्यात विकत घेणारा. दोन्ही आकडे एकाच कोटेशनवर येतात आणि इकडचे तिकडे करायला तिथेच वाव मिळतो. जुन्या गाडीला वाढवून दिलेले वीस हजार रुपये नव्या गाडीच्या सवलतीतून, विम्याच्या हप्त्यातून किंवा ॲक्सेसरीजच्या बिलातून परत काढणे मुरलेल्या सेल्समनला मुळीच जड जात नाही. त्यामुळे ‘जुन्या गाडीचे किती आले?’ या प्रश्नाच्या एकट्या उत्तरावरून भाव रास्त मिळाला की नाही, हे कळत नाही.

दुसरी अडचण अशी की एकाच गाडीला एकाच दिवशी निदान तीन भाव असतात. डीलर ती गाडी धुऊन-पुसून, वॉरंटी देऊन गिऱ्हाइकाला विकतो तो एक. मालकाने ओळखीतल्या किंवा जाहिरात पाहून आलेल्या माणसाला थेट विकली तर मिळतो तो दुसरा. आणि डीलर स्वतः खरेदी करताना देतो तो तिसरा. समजण्यापुरते धरायचे तर पहिला ४ लाख ६० हजार, दुसरा ४ लाख ३० हजार आणि तिसरा ३ लाख ८५ हजार. जाहिरातींत दिसतो तो पहिला, मालकाच्या डोक्यात बसतो तोही पहिलाच आणि शोरूममध्ये समोर येतो तिसरा. इथेच चिडचीड सुरू होते. पण मधले ७५ हजार म्हणजे निव्वळ लूट नव्हे. त्यात डेंटिंग-पेंटिंग, टायर, महिना-दोन महिने अडकलेले भांडवल, जागेचे भाडे, वॉरंटीचा धोका आणि कर हे सगळे येते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत नोंदणीकृत विक्रेत्यांच्या जुन्या गाड्यांच्या विक्रीवर सरसकट १८ टक्के दर ठरला. त्याआधी लहान गाड्यांना आणि विजेवरच्या गाड्यांना तो १२ टक्के होता. हा कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी-विक्रीतल्या फरकावर आहे. ७५ हजारांच्या फरकावर तो १३,५०० रुपये होतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या खासगी मालकाला मात्र आपली गाडी विकताना हा कर लागत नाही. निर्णय आला तेव्हा याविषयी बराच गैरसमज पसरला होता.

खरेदीचा भाव खाली राहण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते हिशोबाच्या वहीत दिसत नाही. गाडीत काय दडले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली नेमक्या याच बाजाराचे उदाहरण घेऊन ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा निबंध लिहिला. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल, तर तो सरासरीचाच भाव देतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही, बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते आणि सरासरी आणखी घसरते. या विषयातील कामासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. चांगल्या गाडीचा मालकही संशयापोटी काही रक्कम गमावतो, आणि ती परत मिळवण्याचा मार्ग म्हणजे संशय दूर करणारे कागद. अधिकृत सर्व्हिस सेंटरची सगळी बिले लावून ठेवलेली फाइल दाखवणाऱ्याला घासाघीस कमी करावी लागते, ती यामुळेच.

भाव ठरवायला तक्ता असावा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या केली बंधूंनी १९२६ मध्ये ‘ब्लू बुक’ काढले आणि पुढे ते तिथल्या बाजाराचे परिमाण झाले. भारतातही संगणकावर गाडीचा अंदाजी भाव सांगणाऱ्या सेवा आता आहेत. त्यांचा उपयोग पल्ला समजण्यापुरता. कारण एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत पन्नास हजारांचे अंतर सहज पडते आणि ते तक्त्याला दिसत नाही. याहून जास्त घोटाळा विम्याच्या पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीमुळे होतो. ही रक्कम गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी किती देईल, त्याची मर्यादा असते. ती ठरते गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या किमतीतून ठरावीक घसारा वजा करून : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांना ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के. कोणत्याही मॉडेलला हेच कोष्टक लागू. बाजार असा समान न्याय करत नाही. मागणी असलेली चार वर्षांची मारुती आयडीव्हीच्या वर जाते, आणि सुटे भाग मिळत नसलेली गाडी त्याच्या निम्म्यावर अडते.

मॉडेलला मागणी आहे का आणि कंपनी बाजारात टिकून आहे का, हे भावाचे सर्वांत मोठे घटक. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोलेची विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस चालू ठेवण्याचे सांगितले होते, पण गिऱ्हाइकाला धीर राहिला नाही आणि ठणठणीत गाड्याही पडत्या भावात गेल्या. त्यानंतर येते वय. वय मोजताना व्यापारी आरसी बुकावरची नोंदणीची तारीख पाहतो तसा उत्पादनाचा महिनाही पाहतो. डिसेंबरमध्ये तयार होऊन जानेवारीत पासिंग झालेली गाडी मालकाच्या लेखी नव्या वर्षाची, व्यापाऱ्याच्या लेखी मागच्या वर्षाची. याच हिशोबाने ३१ डिसेंबर उलटला की प्रत्येक गाडी एका रात्रीत एक वर्षाने जुनी होते. विकायचेच ठरले असेल तर ते दिवाळी ते डिसेंबरच्या दरम्यान उरकण्यात फायदा असतो. मात्र पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांच्या आदल्या आठवड्यात शोरूमला नव्या गाड्यांच्या डिलिव्हरीचीच घाई असते, तेव्हा जुन्या गाडीच्या भावावर कुणी फार वेळ घालवत नाही.

किती हात बदलले, रनिंग किती आणि इंधन कोणते हे प्रश्न ठरलेलेच. फर्स्ट ओनरची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या गाडीपेक्षा महाग जाते, याला यांत्रिक कारण फारसे नाही. ज्याला गाडीचा पूर्ण इतिहास माहीत आहे असा एकच माणूस आहे, एवढेच. परराज्यातल्या पासिंगची गाडी मात्र कराच्या ठोस कारणाने मागे पडते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. बाहेरची गाडी इथे नव्याने नोंदवताना वयानुसार कर भरावा लागतो आणि आधीच्या राज्याकडून परतावा मिळवताना चपला झिजतात, म्हणून घेणारा तो सगळा खर्च आधीच भावातून कापतो.

कायदा आणि कर यांचा धक्का कधी कधी बाकी सगळ्या घटकांपेक्षा मोठा असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना तिथल्या पंपांवर इंधन नाकारण्याचा आदेश अमलात आला आणि काही दिवसांतच थांबवण्यात आला. निर्णय कितीही उलटसुलट झाले तरी परिणाम एकच राहिला : तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही मिळेल त्या भावाने इतर राज्यांत उतरतात. ‘दिल्लीची गाडी निम्म्यात मिळते’ असे इथल्या मालकाला ऐकवून त्याचा भाव पाडण्याची पद्धत आहे. ऐकवणारा पासिंगचा खर्च त्यात धरत नाही.

दुसरा धक्का २२ सप्टेंबर २०२५ चा. त्या दिवसापासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि त्यावरचा अधिभार जाऊन सरळ १८ टक्के झाला. नवी गाडी साठ-सत्तर हजारांनी उतरल्यावर दोन वर्षे जुनी गाडी पूर्वीच्या भावाला कोण घेणार? घरात पडून असलेल्या, हातही न लावलेल्या गाडीची किंमत सरकारी अधिसूचनेने कमी झाली. ऑगस्टमध्ये ऐकलेला आकडा मनात धरून ऑक्टोबरमध्ये शोरूमला गेलेल्यांची निराशा याच कारणाने झाली असणार.

प्रत्यक्ष तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. शोरूमचा मूल्यमापक प्रथम गाडीभोवती एक फेरी मारतो. हातातले छोटे यंत्र तो प्रत्येक पत्र्याला टेकवतो. त्यावर रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये उमटते. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो. एका दरवाजावर आकडा तीनशेवर गेला तर तो पॅनेल पुन्हा रंगवलेला, आणि हजाराकडे गेला तर खाली लांबी भरलेली. पुन्हा रंगवलेला बंपर किंवा दरवाजा ही फार मोठी गोष्ट नाही, शहरात ते होणारच. मूल्यमापकाला भीती असते ती सांगाड्याला बसलेल्या धक्क्याची. म्हणून तो बोनेट उघडून बिजागऱ्यांच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का पाहतो, दरवाजाचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की गॅरेजचे हे तपासतो, डिकीतली स्टेपनी उचलून तळाचा पत्रा सरळ आहे का बघतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. काचांवरही वर्षाची खूण असते, आणि सहा काचा एका वर्षाच्या आणि एक दुसऱ्या वर्षाची निघाली की पुढचे प्रश्न सुरू होतात. मीटर मागे फिरवणे आजही चालते. पण ३८ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत असेल, तर मीटरवर विश्वास राहत नाही, आणि अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी एका फोनवर मिळतात. शेवटी इंजिन चालू करून, एसी लावून, एक छोटा फेरफटका. मग फोटो काढले जातात आणि तिथून पुढचे मालकाला दिसत नाही : ते जुन्या गाड्यांच्या दोन-चार व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर जातात, त्यांच्याकडून आकडे येतात आणि सर्वांत वरच्या आकड्यातून आपला वाटा ठेवून उरलेला मालकाला सांगितला जातो. बऱ्याचदा शोरूम स्वतः गाडी ठेवतच नाही.

महाराष्ट्रात पुराच्या पाण्याची तपासणी वेगळी करावी लागते. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चे चिपळूण : अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून ‘टोटल लॉस’ ठरून लिलावात जातात, आणि त्यांतल्या काही दुरुस्त होऊन लांबच्या शहरांत विक्रीला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की कापडाच्या तळाशी गाळाची रेघ दिसते. गालिच्याखालचा वास आणि सीटच्या रुळांवरचा गंज लपवणे त्याहून कठीण. ज्याची गाडी खरोखर फक्त टायर बुडेपर्यंत पाण्यात होती, त्याने त्या वेळचे विम्याचे कागद जपून ठेवलेले बरे.

आता मुख्य हिशोब. ऑन-रोड ११ लाख रुपयांची नवी गाडी आहे. पहिले शोरूम जुन्या गाडीचे ४ लाख २० हजार देते, वर २० हजार एक्स्चेंज बोनस, नव्या गाडीवर सवलत शून्य. खिशातून जाणार ६ लाख ६० हजार. दुसरे शोरूम जुन्या गाडीला ३ लाख ८५ हजारच देते, बोनस तितकाच, पण ४० हजार रोख सवलत. खिशातून जाणार ६ लाख ५५ हजार. जुन्या गाडीला ३५ हजार कमी मिळूनही दुसरा व्यवहार पाच हजारांनी स्वस्त पडतो. तिसरा पर्याय : जुनी गाडी बाहेर ४ लाख ३० हजारांना विकायची आणि नवी दुसऱ्या शोरूममधून ४० हजारांच्या सवलतीत, बोनसविना घ्यायची. खर्च ६ लाख ३० हजार. म्हणजे जाहिरात देणे, अनोळखी लोकांना गाडी दाखवणे आणि आरटीओचा पाठपुरावा करणे या खटपटीची किंमत इथे २५ हजार ठरते. ती खटपट वाचवणे शहाणपणाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण किंमत किती, हे आधी माहीत असले पाहिजे.

हा हिशोब जमायचा असेल तर आधी नव्या गाडीचा भाव ‘एक्स्चेंज नाही’ असे गृहीत धरून लेखी घ्यावा आणि जुन्या गाडीचा विषय नंतर काढावा. सेल्समनला हा क्रम आवडत नाही, एवढेच त्याच्या उपयोगाबद्दल सांगणे पुरे. एक्स्चेंज बोनस हा बहुतेक वेळा नवी गाडी बनवणाऱ्या कंपनीचा असतो, शोरूमच्या मेहेरबानीचा नव्हे. त्यामुळे तो जुन्या गाडीच्या भावात मिसळून ‘एकूण चार-चाळीस’ असे सांगितले गेले तर दोन्ही आकडे सुटे करून मागावेत. काही योजनांत जुनी गाडी बाहेर विकून नाव बदललेल्या आरसीची प्रत दिली तरी बोनस मिळतो. दोन्ही गाड्या एकाच व्यक्तीच्या किंवा जवळच्या कुटुंबीयांच्या नावावर असाव्यात, अशी अट मात्र असते.

परदेशातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो, त्यामुळे डीलरलाच गाडी देण्यात कराची बचत असते. भारतात तसे नाही. जीएसटीच्या नियमांत यासाठी मोबाइलचे उदाहरण दिले आहे : जुना फोन देऊन नवा २० हजारांत मिळाला आणि एक्स्चेंजविना त्याची किंमत २४ हजार असली, तर त्याचे खुल्या बाजारातले मूल्य २४ हजारच धरले जाते. अमेरिकेतल्या नातेवाइकाचा अनुभव ऐकून पुण्यात एक्स्चेंज करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

शोरूमखेरीज गिऱ्हाईक शोधण्याच्या जागा गेल्या पंचवीस वर्षांत वाढल्या. मारुतीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यू सुरू केले, २०१५ मध्ये कार्स२४ आणि स्पिनी आल्या. घरी येऊन तपासणी, व्यापाऱ्यांमध्ये ऑनलाइन बोली, त्याच दिवशी पैसे अशी ही पद्धत. फोनवर सांगितलेला आकडा आणि तपासणीनंतरचा आकडा यांत अंतर पडते. दुसरा आकडा सुरुवातीला ऐकला असता तर माणूस तपासणीला राजीच झाला नसता, हे या कंपन्यांनाही ठाऊक असते. तरीही अशा दोन ठिकाणच्या बोली हातात असल्या की शोरूमशी बोलताना बळ येते. ती बोली स्वीकारावीच लागते असे नाही.

विकण्याआधी किती खर्च करावा? आतून-बाहेरून स्वच्छता, बंद पडलेला दिवा, वायपर, संपलेले पीयूसी : एवढा खर्च वसूल होतो. पूर्ण गाडी रंगवून घेणे हा मात्र उलटा पडणारा उपाय. यंत्र प्रत्येक पत्र्यावर जाड थर दाखवते आणि काय लपवले असेल या शंकेने भाव आणखी पडतो. नवे टायर घातल्याचेही पूर्ण पैसे परत येत नाहीत.

कागदांची बाजू भावाइतकीच महत्त्वाची आहे, कारण चुकीची झाली तर मिळालेला भाव कितीही असो, तोट्याचाच ठरतो. कर्ज फिटले असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. नुसते हप्ते संपले म्हणून तो आपोआप जात नाही. थकलेली ई-चलने भरावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर महाराष्ट्रात हस्तांतराचे काम अडते. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि विकणारा-घेणारा दोघांनी फॉर्म ३० वर सही करायची असते. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. प्रत्यक्षात व्यापारी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतो आणि पुढचे गिऱ्हाईक मिळाल्यावर थेट त्याच्या नावावर गाडी करतो, म्हणजे आरसीवर एक हात कमी दिसतो. मधले दोन-चार महिने गाडी जुन्या मालकाच्याच नावावर रस्त्यावर धावत असते. अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार. गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली होती हा बचाव चालला नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि गाडी ताब्यात आल्याचे फॉर्म २९-सी मध्ये पोर्टलवर कळवायचे; तिथून पुढे तो मानीव मालक ठरतो आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. अनेक छोट्या व्यापाऱ्यांकडे हे अधिकारपत्र नसते. ज्याच्याकडे आहे तो पाच हजार कमी देत असला तरी तो व्यवहार जास्त किफायतशीर मानावा. अधिकारपत्र नसलेल्याशी व्यवहार झालाच, तर तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि नाव बदलेपर्यंत रोखून ठेवलेली थोडी रक्कम हाताशी असावी. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. फास्टॅग बंद करायला विसरलेल्याचे पैसे पुढच्या मालकाच्या टोलला जातात.

विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ अनेकांच्या हातून असाच निसटतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या ‘ओन डॅमेज’ हप्त्याला लावता येतो. हा हप्ता २४ हजारांचा असेल तर बचत १२ हजारांची, म्हणजे आठवडाभर घासाघीस करून जुन्या गाडीवर जेवढे वाढवून मिळतील त्याहून बहुधा जास्त. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते, ते तीन वर्षे चालते. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते.

पंधरा वर्षांच्या आसपास पोचलेल्या गाडीचा हिशोब निराळा. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. शिवाय फिटनेस तपासणी आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर. एवढा खर्च समोर असताना गिऱ्हाईक मिळणे कठीण, आणि शोरूमही अशी गाडी केवळ बोनसच्या कागदासाठी घेते. तिथे सरकारमान्य भंगार केंद्राचा भाव विचारून पाहावा. ऑगस्ट २०२१ च्या धोरणात भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली आहे. केंद्राकडून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ करण्याची तरतूद आहे आणि कंपन्यांनी ५ टक्के सवलत द्यावी अशी सूचना आहे. प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते. मोडीत काढलेल्या गाडीची नोंदणी आरटीओत रद्द झाली की नाही, हे मात्र मालकाने वाहन पोर्टलवर स्वतः पाहून घ्यावे.